बाबांच्या नावाचा जंत

माझी ताई एकतीस वर्षं जंत ओळखायचं काम करत होती. रानातल्या उंदरांच्या पोटातले जंत. माणसांच्या पोटातले असते तर लोकांना निदान डॉक्टरीतलं काहीतरी म्हणून सांगता आलं असतं. रानउंदरांचे म्हटलं की समोरचा आधी हसायचा, मग तोंड वाकडं करायचा आणि शेवटी हळूच विचारायचा, "पण त्याचा उपयोग काय?" ताईचं उत्तर ठरलेलं होतं. "कोण कुणाच्या पोटात राहतं ते कुणीतरी लिहून ठेवायला नको का?" एवढं बोलून ती चहाचा कप तोंडाला लावायची. पुढे विचारायची कुणाची छाती नव्हती.

तिची संस्था शहरात होती. तळमजल्यावर जिन्याखालची खोली तिची. वरून कुणी उतरलं की तिच्या डोक्यावर धप धप व्हायचं. खोलीत एक बेसिन, स्पिरिट गरम करायची छोटी विजेची शेगडी, मायक्रोस्कोप, आणि तीन भिंतींना छतापर्यंत काचेची कपाटं. त्यात बाटल्याच बाटल्या. शेगडीचं वायरिंग मीच करून दिलं होतं, कारण मी वायरमन. तिच्या केसांना, ओढणीला, पर्सला सगळ्याला स्पिरिटचा वास यायचा. आमच्या हिने लग्नानंतर सुरुवातीला ताईसाठी टॉवेल वेगळा ठेवला होता. ताईच्या ते लक्षात आलं, पण ती रागावली नाही. म्हणाली, "अगं, माझे जंत तुझ्याकडे यायचे नाहीत. त्यांना उंदीरच लागतो, तोही ठरलेल्या जातीचा. फार नखरेल असतात." ही ओशाळली आणि टॉवेल एक झाला.

लग्न ताईने केलं नाही. का केलं नाही ते मला कधी नीट कळलं नाही, आणि मीही कधी खोदून विचारलं नाही.

तिचं काम तिने मला एकदाच समजावलं होतं. हे जंत म्हणजे बोटाच्या पेरापेक्षाही आखूड लाल दोरे, स्प्रिंगसारखे वेटोळे घातलेले. आपल्याला सगळे सारखेच दिसतात. पण नराच्या शेपटीला बारीकसा पंखा असतो, त्या पंख्याला काड्या असतात. काड्या कशा फाकल्या आहेत ते बघायचं. कातडीवर लांबीच्या दिशेने कंगोरे असतात, ते मोजायचे. "कसे मोजणार?" मी विचारलं. "तू केबल आडवी कापून आतल्या तारा मोजतोस ना, तसंच. ब्लेडने आडवा काप घ्यायचा." हे मला पटकन कळलं. फक्त माझी केबल मनगटाएवढी आणि तिची केसाएवढी.

बाबा वनरक्षक होते. आम्ही शाळेत असतानाच आई गेली, आणि त्यानंतर घरात 'जेवलात का' आणि 'दार लावलं का' एवढंच बोलणं उरलं. ताई शिकायला शहरात गेल्यावर तर तिच्याशी काय बोलावं हे बाबांना सुचेनासंच झालं. ती सुट्टीत आली की दोघं समोरासमोर बसायचे. बाबा विचारायचे, "बस वेळेवर होती?" ती म्हणायची, "होती." संपलं. मला त्या दोघांच्या मधे बसायचासुद्धा कंटाळा यायचा.

मग तिने प्रबंधासाठी उंदरांचा विषय घेतला. तिला वरच्या रानातले उंदीर हवे होते, लांब शेपटीचे, पांढऱ्या पोटाचे. त्या रानातलं बीळ न् बीळ बाबांना ठाऊक. एका रविवारी तिने त्यांना धुण्याच्या दगडावर उंदीर फाडायला शिकवलं. गळ्यापासून खाली चीर द्यायची, आतडं सबंध काढायचं, दोन्ही टोकं दोऱ्याने बांधायची. जंत जिवंत असतील तर वाफाळत्या स्पिरिटमधे टाकायचे, म्हणजे ते सरळ होतात. ते जमलं नाही तर सबंध आतडं बाटलीत घालायचं. कातडं आणि कवटी वेगळी ठेवायची, म्हणजे उंदीर कुठला ते पडताळता येतं. चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची, कारण स्पिरिटमधे शाई उतरते. बाबा मान डोलावत होते. शाळेत गेल्यासारखे दिसत होते.

त्या दिवसापासून घरात बोलणं सुरू झालं. ती आली की बाबा दारातच सांगायला लागायचे. ओढ्याच्या डोक्याशी तीन सापडले, एक मादी गाभण होती म्हणून सोडून दिली, पिंजऱ्याला खोबऱ्यापेक्षा शेंगदाणा बरा. ती ऐकायची, वहीत उतरवायची, मधेच त्यांना ओरडायची. "बाबा, तारीख कुठंय?" बाबा चक्क खाली मान घालायचे. मी त्यांना दुसऱ्या कुणापुढे मान खाली घालताना पाहिलं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी बाबा बसच्या ड्रायव्हरच्या हाती बाटल्या द्यायचे आणि ताईचं पत्र आलं की ते शर्टाच्या खिशात ठेवून हिंडायचे.

तिच्या प्रबंधाच्या शेवटच्या वर्षी बाबांना दम लागायला लागला. आधी चढावर, मग सपाटीवर. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. खात्यात कळलं असतं तर त्यांना चौकीवर बसवलं असतं. मला दिसत होतं, पण मी चोवीस वर्षांचा, नवी नोकरी, दिवसभर खांबावर. घरात दोन पुरुष असले की कुणीच कुणाला 'बरं आहे ना' असं विचारत नाही.

ताईचं पत्र आलं. अजून दहा उंदीर हवेत, लवकर हवेत.

एका दुपारी मी पक्कड विसरलो म्हणून घरी आलो. बाबा धुण्याच्या दगडापाशी उकिडवे बसले होते. समोर आमचा घरचा पिंजरा होता, कोठीत धान्याच्या पोत्यांमागे लावलेला असायचा तोच. दगडावर उंदीर आडवा होता. करडा, जाड, आखूड कानांचा.

"बाबा, हा तर आपल्याच कोठीतला."

त्यांनी वर पाहिलं नाही. "उंदीर तो उंदीर."

"पण ताईला रानातला हवाय."

"तिला जंत हवेत. यात आहेत. भरपूर आहेत."

"आणि कातडं मागितलं तर?"

"कुत्र्याने नेलं म्हणून कळवतो."

मी हसलो. हे मी मुद्दाम लिहितो आहे. मला ते गमतीचं वाटलं आणि मी हसलो. बाबा हसले नाहीत. त्यांनी बाटलीत स्पिरिट ओतलं. गरम केलेलं नव्हतं, तसंच गार. पेन्सिलीने चिठ्ठी लिहिली: वरचं रान, ओढ्याचं डोकं. मग गुडघ्यावर हात टेकून उठले, दोनदा थांबून श्वास घेतला आणि म्हणाले, "तिला बोलू नकोस. पुढच्या महिन्यात मी चढतो वर. मग खरे देतो."

मी पक्कड घेतली आणि गेलो. पुढच्या महिन्यात ते चढले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

चार-पाच महिन्यांनी आमच्या ऑफिसात फोन आला. ताई फोनवर ओरडत होती. "नवा आहे रे! नवाच निघाला!" बाबांनी पाठवलेल्या त्या बाटलीत अकरा जंत होते, चार नर, बाकी माद्या. पुस्तकात दिलेल्या कुठल्याच मापात ते बसत नव्हते. लांबीला कमी, पंख्याच्या काड्या वेगळ्या, आणि त्या रानउंदरात असं काही आजवर कुणी पाहिलेलं नव्हतं. जगात कुणालाच माहीत नसलेला जंत होता. पहिल्यांदा वर्णन करणाऱ्याला त्याचं नाव ठेवायचा मान असतो. ताईने आमच्या आडनावाला लॅटिन शेपूट जोडलं आणि तो जंत बाबांच्या नावाचा झाला.

मी फोन ठेवला. तेव्हा बोलायला हवं होतं. मी मनाला समजावलं की जंत नवा तर आहे, मग तो कोठीतला असला काय आणि रानातला असला काय. मला त्यातलं काय कळत होतं?

लेख छापून आला तेव्हा ती तो घेऊन घरी आली. बाबांनी चष्मा लावला, तिने दाखवलेल्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते नाव अक्षर अक्षर लावून वाचलं. खाली जंताच्या शेपटीचं तिने काढलेलं चित्र होतं, इतकं नाजूक की एखाद्या पिसाचं वाटावं. बाबांचा चेहरा उतरला.

"माझं नाव कशाला घातलंस?"

"मग कुणाचं घालू?" ताई म्हणाली. "तुम्हीच आणलात ना?"

त्यांनी कागद घडी घालून ट्रंकेत ठेवला. ताईला वाटलं बाबा संकोचले.

ती परत गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाबा मला म्हणाले, "तिला सांगायला हवं." मी खुर्चीवर चढून दिव्याचा होल्डर बदलत होतो. मी म्हटलं, "आता कशाला? छापून आलंय. तिचं हसं होईल." ते खुर्ची धरून उभे राहिले, मी पडू नये म्हणून. पुढे दीड वर्षाने त्यांचं हृदय थांबलं. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही आणि मीही काढला नाही.

त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं गेली. ताईने हजारो उंदीर उघडले असतील. पण नवा जंत तिला दुसरा सापडला नाही. बहुतेक वेळा ती इतरांच्या चुका काढत असे. कुणीतरी नवा म्हणून जाहीर केलेला जंत जुनाच कसा आहे हे ती दाखवून द्यायची. ती स्वतःच म्हणायची, "लोकांनी ठेवलेल्या नावांना नावं ठेवण्यातच माझी हयात गेली." नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ती पहिल्या दिवशी एकच नियम सांगायची. कातडं आणि कवटी स्वतः पाहिल्याशिवाय जंत कुणाच्या पोटातला ते लिहायचं नाही.

निवृत्तीला आठ महिने राहिले होते तेव्हा आरोग्य खात्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे बाटल्या पाठवल्या. धान्याच्या गोदामात ताप पसरला होता म्हणून उंदीर मारले होते. मेलेले उंदीर दोन दिवस तसेच पडून होते, मग कुणीतरी त्यांची आतडी गार स्पिरिटमधे कोंबली होती. अशा गलथान नमुन्यांवर ताई एरवी भडकायची. या वेळी तिने एक जंत काचेवर घेतला, मायक्रोस्कोपखाली धरला आणि तशीच बसून राहिली.

हे पुढचं सगळं मला तिनेच नंतर सांगितलं. तो जंत तिला तोंडपाठ होता. त्याचं चित्र तिने स्वतः काढलं होतं. तीच लांबी, पंख्याच्या तशाच मुडपलेल्या काड्या. पण हा आला होता गोदामातल्या करड्या उंदरातून. आणि त्याच उंदरातले, जरा बरे राहिलेले दोन जंत पुस्तकातल्या अगदी नेहमीच्या जातीचे होते, घरोघरच्या उंदरांत सापडणाऱ्या. म्हणजे ती जात तीच, फक्त मेल्यावर आणि गार स्पिरिटमधे आखडून तिचं रूप बदललेलं.

तिने कुलूपबंद कपाटातून बाबांच्या बाटलीतले पहिले नमुने काढले. नव्या जातीला ज्यांच्यावरून नाव दिलं ते अस्सल नमुने हेच. त्यांना सहसा कुणी हात लावत नाही. तेव्हा तिच्याकडे चारच नर होते, म्हणून एकही कापायला तिचं मन झालं नव्हतं. कंगोरे तिने वरूनच मोजले होते, बारा. आता तिने ब्लेड घेतलं आणि त्यातला एक नर आडवा कापला. कंगोरे चौदा निघाले. घरच्या उंदरातल्या जंताला चौदाच असतात.

त्याच बाटलीत आतड्याबरोबर आलेलं उंदराचं जठर तसंच पडून होतं, इतकी वर्षं कुणी न उघडलेलं. तिने तेही उघडलं. आत पिठाचा लगदा होता, आणि त्यात नखाएवढा निळा प्लास्टिकचा धागा.

ती मंगळवारी आली, न कळवता. आमच्या हिने जेवायला वाढते म्हटलं, ती नको म्हणाली. पर्समधून तिने एक छोटी कुपी काढून टेबलावर ठेवली. धागा त्यात होता.

"कोठीतली आपली पोती कुठल्या रंगाची होती?"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. माझ्या तोंडावर सगळं दिसतं, लहानपणापासून.

"निळी," मी म्हटलं.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. मी पाहिलं होतं."

मग मी सगळं सांगितलं. बाबांचा दम, पिंजरा, कुत्र्याने नेलेलं कातडं. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती, तिलाही हे नवीनच होतं. ताई कुपीचं बूच फिरवत होती, उघडत नव्हती.

"बाबांचं मी समजू शकते," ती शेवटी म्हणाली. "त्यांना वर चढता येत नव्हतं, आणि ते मला सांगता येत नव्हतं. पण तू? तुला तर दोन्ही पाय होते, आणि तोंडही होतं."

"मला वाटलं काय फरक पडतो."

"परदेशातल्या एका माणसाने वीस वर्षं घातली आहेत यावर," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, तोच जास्त लागला. "घरच्या उंदरातले जंत रानात कसे शिरले आणि तिथे त्यांची वेगळी जात कशी झाली, यावर. सगळं माझ्या त्या चार नरांवर उभं आहे. दोन पुस्तकांत आहे ते. पोरांना शिकवतात. हा फरक पडतो."

ती तशीच उठून गेली. मी बसपर्यंत सोडायला निघालो, तर म्हणाली, "येऊ नकोस."

संस्थेतल्या साहेबांनी तिला शहाणपणा सांगितला. आठ महिने राहिले, कशाला उकरून काढता, पुढे कुणीतरी काढेलच. ती म्हणाली, पुढे जो कुणी काढेल तो नाव ठेवणाऱ्या बाईला खोटी म्हणेल, त्यापेक्षा मीच चुकले म्हणते. पण तिच्या स्वभावाप्रमाणे तिला अर्धवट काही नको होतं. गोदामातला जंत रानातल्या उंदरात खरंच नाही ना, हे तिला आधी बघायचं होतं. त्यासाठी वर चढायला हवं होतं.

तिने मला फोन केला. "रजा मिळेल?" एवढंच विचारलं.

आम्ही अकरा दिवस वरच्या चौकीत राहिलो. ती अठ्ठावन्नची, मी पंचावन्नचा. चौकीला पत्र्याचं छप्पर, एक मोरी, दोन लोखंडी खाटा. रान बाबांच्या वेळेसारखं राहिलं नव्हतं. अर्ध्या डोंगरावर एकाच जातीची झाडं ओळीने लावलेली होती, त्यांच्याखाली गवतसुद्धा नव्हतं. रोज संध्याकाळी आम्ही चाळीस पिंजरे लावायचो आणि सकाळी बघायला जायचो. बहुतेक रिकामे. ओढ्याच्या डोक्याशी जायला दीड तासाचा खडा चढ. पहिल्या दिवशी मी चार वेळा बसलो. पाचव्या वेळी मला बाबा आठवले आणि मी बसलो नाही, तसाच रखडत गेलो.

ताई माझ्याशी कामापुरतं बोलत होती. शेंगदाणा दे. दोरा धर. तारीख सांग. सापडलेल्या उंदराची शेपटी ती पट्टीवर मोजायची, पांढऱ्या पोटावरून एकदा बोट फिरवायची, आणि मग काम सुरू. जंत निघाले की माझ्या हातातल्या वाफाळत्या स्पिरिटमधे सोडायची. वेटोळी सुटून ते सरळ व्हायचे. मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला ते सुंदर वाटलं, पण तसं बोलायची सोय नव्हती.

आठव्या दिवशी ओढ्याशी बसलो असताना मी तिला उरलेलं सांगितलं. होल्डर बदलत होतो ते. बाबा काय म्हणाले आणि मी काय म्हटलं ते.

ती हात धूत होती. थांबली. "त्यांना सांगायचं होतं?"

"हो."

"ते स्वतःहून म्हणाले? तू विचारलं नव्हतंस?"

"नाही. स्वतःहून."

"छापून आल्यावर?"

"तू परत गेलीस त्याच आठवड्यात."

"म्हणजे तेव्हा दोन ओळी लिहून मिटलं असतं." ती पुन्हा हात धुवायला लागली. धुतलेलेच हात धूत राहिली. मग म्हणाली, "मला वाटायचं, त्यांनी मला फसवलं आणि तसेच गेले. गेले दोन महिने मी रोज हेच धरून बसले होते. तू मला दुसरं काहीतरी दिलंस आता. पण ते तू तीस वर्षं खिशात ठेवलं होतंस." ती उठली. "चल, अजून बारा पिंजरे बघायचेत."

मी तिच्या मागून चालत राहिलो. पाठमोरी ती अगदी बाबांसारखी चालत होती, एक खांदा खाली टाकून.

अकरा दिवसांत सात उंदीर मिळाले. पाचांत रानातला नेहमीचा जंत होता, दोन मोकळे होते. बाबांच्या नावाचा एकातही नव्हता.

लेख दोन पानांचा झाला. पाठवण्याआधी तिने मला तो फोनवर वाचून दाखवला, माझ्या भाषेत करून. मी घाबरलो होतो. बाबांचं नाव नमुने गोळा करणारा म्हणून त्या जुन्या लेखात होतंच. आता त्यापुढे 'खोटी नोंद' असं काहीतरी येणार, असं मला वाटत होतं. तिने वाचलं, "उंदीर कुठला, हे मी स्वतः पडताळलं नव्हतं. चूक माझी आहे."

"एवढंच?"

"एवढंच खरं आहे," ती म्हणाली. "ती बाटली दुसऱ्या कुणी पाठवली असती तर कातडं नाही म्हणून मी फेकून दिली असती. बाबांची होती म्हणून ठेवली. हे बाबांनी नाही केलं, मी केलं."

तो लेख छापून आला. त्यावर कुणी हसलं नाही, कारण कुणी फारसा वाचलाच नाही. परदेशातल्या त्या माणसाने पाच ओळींचं पत्र पाठवलं. कळवल्याबद्दल आभार मानले आणि आपण आजारी असल्यामुळे आता नव्याने काही करू शकणार नाही, असं लिहिलं. ते पत्र ताईने बरेच दिवस टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. बाबांच्या नावाचा जंत आता यादीत वेगळा नाही. घरच्या उंदरातल्या जंताच्या खाली, बारीक अक्षरात, रद्द झालेल्या नावांमधे आहे.

ती निवृत्त झाली. साहेबांनी आठवड्यातून दोन दिवस येत जा म्हटलं होतं, पण ती गेली नाही. तिची खोली आता कागदपत्रं ठेवायला वापरतात. कपाटं वरच्या मजल्यावर नेताना दोन फुटली म्हणे. ती शहरातच राहते, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. रविवारी फोन करते. माझे गुडघे कसे आहेत विचारते, हिची चौकशी करते. रागावल्यासारखी बोलत नाही. पूर्वी ती मला वाटेल ते बोलायची, शिव्या घालायची, मधेच हसत सुटायची. तसं आता होत नाही. पाच मिनिटांत बोलणं संपतं.

मागच्या महिन्यात मी तिच्याकडे गेलो होतो. खिडकी गंजून बसली होती, ती सोडवून दिली. एका भिंतीशी पुठ्ठ्याची खोकी होती, संस्थेने पाठवलेली तिची चित्रं आणि वह्या. वरची चिकटपट्टी तशीच होती.

"उघडून लावून देऊ का कपाटात?" मी विचारलं.

"राहू दे."

तिने चहा केला. आम्ही दोघं समोरासमोर बसून तो प्यायलो. खाली रस्त्यावर कुणीतरी बराच वेळ स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती. थोड्या वेळाने ताईने घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुझी बस वेळेवर असते का रे हल्ली?"

"असते," मी म्हटलं. मग पिशवी उचलली आणि उतरायला लागलो. पहिल्या मजल्यावर पोचलो तेव्हा वर तिने कडी लावल्याचा आवाज आला.